धागा: महोत्सवात 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' बघताना: कुठे बसावं, काय निसटतं, कधी उठू नये

आडवा_पडदा (धागाकर्ता)

फिल्म क्लबच्या महोत्सवाच्या यादीत यंदा हा जपानी ॲनिमेशनपट आहे. चांगला की वाईट यावर हा धागा नाही. जाण्याआधी काय ठाऊक असलं तर बरं, एवढंच इथे गोळा करू.

मूळ नाव 'कोनो सेकाई नो कातासुमी नि', म्हणजे 'या जगाच्या एका कोपऱ्यात'. फुमियो कोनो यांची मांगा (जपानी चित्रकथा) २००७ ते २००९ मध्ये क्रमशः आली. त्यावरून सुनाओ काताबुची यांनी चित्रपट केला आणि १२ नोव्हेंबर २०१६ रोजी तो जपानमध्ये लागला. सुरुवातीला फक्त ६३ पडद्यांवर. पैसे उभे राहत नव्हते म्हणून २०१५ मध्ये लोकवर्गणी काढली होती, तिला ३,३७४ लोकांनी हातभार लावला आणि ३ कोटी ९० लाख येनहून जास्त रक्कम जमली. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या आनसीच्या ॲनिमेशन महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला.

गोष्ट हिरोशिमाच्या एबा भागातल्या सुझुची. फेब्रुवारी १९४४ मध्ये ती लग्न होऊन कुरे या नौदलाच्या बंदरगावात येते. घर डोंगरउतारावर, खाली बंदर. बाकी सगळं स्वयंपाक, शिवण, रेशनची रांग आणि सायरन.

पहिलं काम: वेळापत्रकातली लांबी बघा. १२९ मिनिटं असेल तर २०१६ ची आवृत्ती. १६८ असेल तर डिसेंबर २०१९ मध्ये आलेली वाढीव. दोन्हींच्या नावात फरक आहे, पण महोत्सवाच्या पत्रिकेत नाव अर्धवट छापलं जातं. मिनिटांवर विश्वास ठेवा.

पाटा_वरवंटा

वाढीव आवृत्तीत ३९ मिनिटं जास्त आहेत आणि ती बहुतेक रिनभोवती फिरतात. रिन म्हणजे सुझुला वाट चुकल्यावर वेश्यावस्तीत भेटणारी बाई. सुझुच्या नवऱ्याचा, शुसाकुचा, तिच्याशी आधीचा संबंध, जेंशियनच्या फुलांची नक्षी असलेला चहाचा वाडगा, वहीचा फाटलेला तुकडा, हे धागे लांब आवृत्तीत उलगडतात. छोटीत रिन एकदा भेटते आणि जाते, पण खुणा शिल्लक ठेवलेल्या आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याने १२९ वालीच बघावी असं माझं मत. लांब आवृत्ती लग्नाची गोष्ट होते, छोटी घराची राहते.

सहावी_रांग

बसायचं कुठे ते सांगतो. सबटायटल असलेल्या चित्रपटाला दोन गोष्टी सांभाळायच्या: खालची ओळ पुढच्या डोक्यांआड जाऊ नये आणि मजकूर वाचताना चित्र नजरेत राहावं.

साधा हिशोब. पडद्याच्या रुंदीच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतरावर बसा. पडदा २० फुटांचा असेल तर ३० ते ३५ फूट. दीडपटीवर चित्र साधारण ३७ अंशांचा कोन व्यापतं. दुपटीच्या जवळ गेलात की तो ३० अंशांखाली उतरतो. हा चित्रपट जलरंगासारख्या फिक्या पार्श्वभूमीवर बारीक रेषेने काढलाय, लांबून ती रेषा विरघळते. फार पुढे बसलात तर डोळे सबटायटलवरून वर आणि परत खाली अशी कवायत करत राहतात.

सभागृहाची जमीन सपाट असेल (मंगल कार्यालय, शाळेचा हॉल) तर हिशोब विसरा आणि रांगेच्या टोकाची, मधल्या वाटेला लागून असलेली खुर्ची धरा. तिथे पुढे डोकं नसतं.

बल्बबदली

वरच्यात भर घालतो, प्रक्षेपण खोलीच्या बाजूने. आयोजकांपैकी कोणी वाचत असेल तर बरंच.

१. डीसीपी (थिएटरसाठीची चित्रपटाची डिजिटल प्रत) आली असेल तर ती डिजिटल चावीने कुलूपबंद असू शकते. चावी ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारीख-वेळेसाठीच चालते. वेळ कुठल्या टाइमझोनमधली आहे ते न वाचता ठेवली तर साडेपाच तासांचा घोळ होतो आणि तो खेळाच्या दिवशीच कळतो. आदल्या दिवशी दहा मिनिटं चालवून बघा. त्यासाठी चावीची मुदत आदल्या दिवसापासून मागावी लागते.

२. चित्राचा आकार. बहुतेक जपानी ॲनिमेशन १६:९ मध्ये असतं. डीसीपीच्या फ्लॅट चौकटीत (१९९८×१०८०) ते ठेवलं की डावी-उजवीकडे बारीक काळी पट्टी राहते. तशीच राहू द्या. रुंद स्कोप पडदा भरायचा म्हणून झूम केलं तर उंचीचा साधारण चौथा भाग कापला जातो, आणि पहिलं काय जातं? सबटायटल.

३. ब्लू-रेवरून दाखवत असाल तर प्लेअर सेकंदाला २४ फ्रेमवर ठेवा. कुठेतरी २५ फ्रेमचं रूपांतर घुसलं तर १२९ मिनिटांचा चित्रपट १२४ मिनिटांत संपतो आणि सगळे आवाज किंचित चढे लागतात. सुझुचा आवाज मुळातच मऊ, सावकाश आहे. तो चढला की पात्रच बदलतं.

४. प्रोजेक्टरच्या मेन्यूत फ्रेम इंटरपोलेशन किंवा मोशन स्मूदिंग नावाचं काही असेल तर बंद करा. सेकंदाला २४ फ्रेम, पण चित्रं दर फ्रेमला बदलत नाहीत. एकच चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं, तीन फ्रेम धरलं तर ८. कुठे किती धरायचं हे ॲनिमेटर ठरवतो, चालीचं वजन त्यातच असतं. यंत्र मध्ये स्वतःची चित्रं भरतं आणि हात साबण लावल्यासारखे घसरतात.

जाकेन

@बल्बबदली, चौथ्या मुद्द्याला दुजोरा. त्यात या चित्रपटापुरती भर: घरगुती हालचाली इथे अगदी थोड्या थोड्या अंतराच्या चित्रांनी भरल्यात. दोन ठळक मुद्रा काढून मध्ये पोकळी सोडायची ही टीव्ही मालिकांची काटकसर इथे नाही. सुझु मान वळवते किंवा ओझं पाठीवर सरकवते तेव्हा बघा.

माझा विषय भाषा. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, तेव्हा आधीच सांगते: पुस्तकी जपानी घेऊन गेलात तर पहिली दहा मिनिटं चाचपडाल. सगळे हिरोशिमाकडच्या बोलीत बोलतात. 'देसु' किंवा 'दा' च्या जागी 'जा', 'म्हणून' साठी 'काRA' ऐवजी 'केन' किंवा 'जाके', आणि बायका स्वतःला 'वाताशी' न म्हणता 'उचि' म्हणतात. पुणेरी प्रमाण मराठी शिकून थेट मालवणी घरात जेवायला बसावं तसं.

सबटायटलमध्ये यातलं काही उतरत नाही. नातीसुद्धा नाहीत. सुझु नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला 'नेसान' म्हणते. खाली मात्र नुसतं 'केइको' उमटतं. आपल्याकडे सून नणंदेला एकेरी नावाने हाक मारील का? ते 'वन्सं' आहे. कानाने 'नेसान' टिपलंत तर घरातला सगळा ताण कळतो, कारण ही वन्सं सासर सोडून, लेकीला घेऊन माहेरी परत आलेली आहे आणि नव्या सुनेची कामं काढून घेते.

जाकेन

वरच्या प्रतिसादात टंकनदोष झाला, 'कारा' वाचावे.

तारीखपे_तारीख

एक छोटी पण फार उपयोगी गोष्ट. प्रसंगांआधी पडद्यावर महिना-वर्ष येतं. वर्ष जपानी शोवा सनाचं. त्यात १९२५ मिळवले की आपलं वर्ष. शोवा ८ म्हणजे १९३३, शोवा १९ म्हणजे १९४४, शोवा २० म्हणजे १९४५.

का लक्ष ठेवायचं? कारण चित्रपट 'आता काहीतरी होणार' असं कुठेच वाजवून सांगत नाही. काम तारखा करतात. जपानी प्रेक्षकाला तारीख दिसताच पोटात गोळा येतो. आपल्याला बहुधा ६ ऑगस्टच माहीत असते. कुरेच्या या तीन लिहून ठेवा: १९ मार्च १९४५ (पहिला मोठा हवाई हल्ला), २२ जून १९४५ (नौदल कारखान्यावर बॉम्ब), १-२ जुलैची रात्र (गावावर आगीचे बॉम्ब).

कोरडी_शाई

१९ मार्चच्या प्रसंगात आकाशात रंगीत ढगांचे ठिपके फुटतात आणि बघता बघता ते कुंचल्याचे फटकारे होतात. सुझु चित्रं काढणारी आहे, डोक्यावर तोफगोळे फुटताना तिच्या मनात आधी 'रंग असते तर' हेच येतं.

पाटा_वरवंटा

खाण्यापिण्यावर कोणी बोलेना, म्हणून मीच.

नान्को-मेशी नावाचा भाताचा प्रकार दाखवलाय. चौदाव्या शतकातल्या कुसुनोकी मासाशिगे या सामुराईच्या नावावर खपवलेली ही काटकसरीची कृती. असडीक तांदूळ कोरडा भाजायचा, दाणे तडतडून फुटेपर्यंत. मग भरपूर पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचा. सकाळी त्याच पाण्यात शिजवायचा. भाजल्याने दाण्याला भेगा पडतात, त्यातून पाणी आत शिरतं आणि दाणा फुगतो. भांडं भरतं, पोट भरत नाही. तांदूळ तेवढाच, वाढलं ते पाणी. चवीबद्दल पडद्यावरच्या कुटुंबाचे चेहरे पुरेसे बोलके आहेत.

दुसरा प्रसंग रानभाज्यांचा. व्हायोलेटची पानं, डँडेलियन, चिकवीड असलं वेचून आणून ती जेवण रचते. कापणं, उकडणं, कशात काय मिसळणं, सगळं क्रमाने. आपल्या टाकळा-कुर्डूवाल्यांना हे लगेच कळेल. चित्रपटात 'तोनारिगुमी' हे गाणंही वाजतं, शेजारसंघाचं. रेशन, गस्त, आग विझवणं हे सगळं आठ-दहा घरांच्या अशा गटांमार्फत चालायचं. गाणं गोड आहे, पण त्याच गटांतून लोकांवर नजरही ठेवली जायची.

तिसरा: साखर. मुंग्या लागू नयेत म्हणून साखरेचं भांडं पाण्याच्या रांजणात तरंगत ठेवतात आणि ते बुडतं. हसू येतं. मग साखर आणायला सुझुला काळ्या बाजारात जावं लागतं, परतताना ती वाट चुकते आणि रिन भेटते. पाण्यात विरघळलेल्या साखरेवर पुढची अर्धी गोष्ट उभी आहे.

उलटी_शिवण

किमोनोची मोन्पे करतानाचा प्रसंगही त्यातच घ्या. मोन्पे म्हणजे युद्धकाळात बायकांनी घालायची ढगळ, घोट्याशी आवळलेली विजार. किमोनोचं कापड साधारण ३५-३६ सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्यांचं असतं आणि तुकडे जवळजवळ सगळे सरळ कापलेले. हातशिलाई उसवली की परत पट्ट्या हातात येतात, म्हणून तो आयुष्यभर उसवून-धुवून-शिवून वापरता येतो. मोन्पेसाठी मात्र कापडाला कात्री लावावी लागते. कापलं की किमोनो परत होत नाही. सुझु बेतताना गडबड करते ती विनोदी वाटते, पण कात्री कुठे लागतेय ते बघा.

नकाशा_घडी

सुरुवातीचा १९३३ च्या डिसेंबरमधला तुकडा अजिबात चुकवू नका. उशिरा येऊन 'कार्टून आहे, पहिली पाच मिनिटं गेली तर काय' म्हणणाऱ्यांसाठी हे आहे.

लहान सुझु पाठीवर नोरी (समुद्रशेवाळाचे वाळवलेले ताव) घेऊन हिरोशिमातल्या नाकाजिमा होनमाची या बाजारपेठेत येते. दुकानं, पाट्या, नाताळची गर्दी. हा भाग आज नाही. त्या जागी शांतता स्मारक उद्यान आहे. काताबुची आणि त्यांच्या चमूने जुने फोटो आणि तिथे राहिलेल्यांच्या आठवणी गोळा करून दुकानं एकेक करत परत उभी केली. सुझु ज्या इमारतीपाशी टेकते ती तायशोया किमोनोचं दुकान. १९२९ ची ती काँक्रीटची इमारत स्फोटातून उरली आणि आज उद्यानातलं विश्रामगृह आहे.

पुलाकडे बघा. इंग्रजी टी अक्षरासारखा आयोई पूल. वरून सहज ओळखू येतो म्हणून १९४५ मध्ये अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानाने नेम धरला तो याच पुलावर. चित्रपट हे सांगत नाही. त्या पुलावर तो एका मुलीची आणि राक्षसाची गोष्ट सांगतो.

सहावी_रांग

आवाजाचं राहिलं. घरातली बोलणी पुटपुटल्यासारखी, बॉम्ब मात्र पूर्ण ताकदीचे. मिश्रण मुद्दामच तसं आहे. आवाजाच्या प्रोसेसरवर ७ हा ठरलेला आकडा. हल्ल्याच्या वेळी कोणीतरी 'आवाज कमी करा' म्हणून ओरडतं आणि आकडा ५ वर येतो. ४ च्या वर प्रत्येक आकडा ३.३ डेसिबलचा, म्हणजे साडेसहा डेसिबल गेले. नंतर तो कोणी परत वाढवत नाही आणि पुढचा तासभर पावलं, चुलीतली काटकी असलं काही ऐकू येत नाही. फार मोठा वाटत असेल तर सुरुवातीलाच ६ किंवा साडेसहा ठेवा आणि हात लावू नका.

बल्बबदली

+१. मध्ये हात लावू नका यावरून आणखी एक.

रसभंग सुरू

२२ जूनच्या प्रसंगानंतर पडदा काळा होतो आणि त्यावर ओरखड्यांसारख्या पांढऱ्या रेषा थरथरतात. फिल्मवर सुईने खरवडल्यासारख्या. हा बिघाड नाही. प्रक्षेपकाने तिथे खेळ थांबवला तर चित्रपटाचा सगळ्यात जड क्षण मोडेल. खोलीत आधीच चिठ्ठी लावून ठेवा: 'काळा पडदा, पांढऱ्या रेषा: चालू ठेवणे'.

कोरडी_शाई

(रसभंग चालूच) त्या बॉम्बमध्ये सुझुचा उजवा हात जातो, आणि तोच तिचा चित्रं काढायचा हात. मांगामध्ये कोनो यांनी त्यानंतरच्या पार्श्वभूमी स्वतः डाव्या हाताने काढल्या. म्हणून त्या पानांवर घरांच्या रेषा वाकड्या आहेत.

नकाशा_घडी

आणि ६ ऑगस्टचा प्रसंग. कुरे हिरोशिमापासून साधारण २० किलोमीटर. आधी प्रकाश येतो. घरातलं बोलणं तसंच चालू राहतं. मग हादरा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे २० किलोमीटरला ५९ सेकंद. पडद्यावरचं ते अंतर घड्याळ लावून मोजायची गरज नाही. उजेड आणि धक्का यांच्या मधल्या वेळात सुझु आणि केइको काय बोलतात तिकडे कान द्या. सुझु घरी राहणार की माहेरी हिरोशिमाला जाणार, हे तिथे ठरत असतं.

रसभंग समाप्त

दोनचार_पोरं

मुलांना आणायचं का? सातवीतली आहेत. पोस्टर तर गोड दिसतंय.

आडवा_पडदा

आधी प्रवेशाचं बघा. महोत्सवातले परदेशी चित्रपट बहुतेक वेळा सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय, सूट घेऊन दाखवतात. त्यामुळे अनेक महोत्सव १८ वर्षांखालच्यांना घेतच नाहीत, चित्रपट ॲनिमेशन असला तरी. दारावर वाद घालून उपयोग नसतो, पास काढण्याआधी विचारा.

प्रवेश असेल तर: रक्त फार दिसत नाही, पण लहान मुलीचा मृत्यू आहे आणि जळालेले देह आहेत. सातवीच्या मुलाला झेपेल असं मला वाटतं, पण तारखांचं आधी सांगून ठेवा. खालच्या वयाला नको. सव्वादोन तासांत बराच भाग शांत आहे, ती कंटाळतील आणि मग नेमकी नको त्या प्रसंगाला जागी होतील.

घाटमाथा

अवांतर, पण आपल्याकडचं आहे म्हणून लिहितो. युद्धानंतर कुरेत ब्रिटिश कॉमनवेल्थच्या सैन्याचा तळ पडला. १९४६ मध्ये त्यात भारतीय तुकड्याही आल्या. के. एस. थिमय्या यांच्या २६८ व्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. चित्रपटात हे येत नाही. पण शेवटाकडे व्याप्त कुरेतल्या रांगेत सुझु आणि केइकोला सैन्याच्या उष्ट्यांची खिचडी मिळते, तीत अमेरिकी सिगारेटच्या पाकिटाचा कागद निघतो, आणि दोघी एकमेकींकडे बघून 'उमाऽ' म्हणतात. म्हणजे 'मस्त!'. आधीचा नान्को-मेशीचा प्रसंग आठवत असेल तर हा घास वेगळाच लागतो.

जाकेन

गाण्याबद्दल: सुरुवातीला जे गाणं येतं ते १९६८ चं जुनं लोकप्रिय गाणं, कोत्रिंगो या गायिका-संगीतकारेने अगदी हळू आवाजात पुन्हा गायलेलं. चित्रपटाचं संगीतही तिचंच. सुझुचा आवाज नोन या अभिनेत्रीचा. भाषांतरित डब दाखवणार असतील तर तिकीट परत करावं असं मी म्हणेन. नोनचा तो अडखळणारा 'आऱ्याऽ' गेला की फार थोडं उरतं.

पाटा_वरवंटा

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका. नावांबरोबर आधी युद्धानंतरच्या घराची चित्रं येतात. मग लोकवर्गणी देणाऱ्यांची नावं वर सरकू लागतात, आणि त्यांच्यासोबत लिपस्टिकच्या लाल रेषेत रिनचं बालपण काढलेलं आहे. छोट्या आवृत्तीत रिन कोण होती हे सांगणारी ही एकच जागा. आपल्याकडे नावं दिसली की स्वयंसेवक दिवे लावतात आणि दारं उघडतात. दिवे लागले की ती लाल रेषा फिक्या पडद्यावर दिसेनाशी होते.

सगळी नावं संपल्यावर एक हात येतो आणि निरोप घेतो. कुठला हात ते चित्रपट बघितलेल्यालाच कळतं.

आडवा_पडदा

दिव्यांचं आयोजकांना आजच कळवतो. पुढचा खेळ लगेच असेल तर दोन खेळांमध्ये निदान वीस मिनिटं ठेवायला सांगू, नाहीतर दारातली रांग आत घुसते.